सात नंबरची बकरी

बकरीच्या खांद्यावर सुई टोचल्याच्या चार गाठी असायला हव्या होत्या. गजानं दोनदा चाचपून बघितलं. एकच होती.

“मावशी, बाकीच्या तीन कुठं गेल्या?”

कोंडाणे गावच्या गौराबाईनं गोठ्यातल्या उरलेल्या तिघींकडे हनुवटीनं खूण केली. चौघी एकाच आईच्या, काळ्या कुळकुळीत. गजानं एकेकीचा खांदा दाबला. प्रत्येकीला एक गाठ.

“सात नंबरचा बिल्ला तर एकीच्याच गळ्यात असायचा.”

“तू यायच्या आदी मी बदलायची. एकटीनंच किती सोसायचं रं? गावची गुरं राखायला पन पाळी असते. म्या सुईची पाळी लावली.”

आता या बाईपुढं कपाळ बडवून तरी काय उपयोग? साल सत्त्याऐंशी. म्हातारपणी सगळं विसरायला लावणारा जो आजार, त्यात मेंदूत एक प्रथिन गुंता होऊन साचतं. ते हुडकायला मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना अँटीबॉडी हवी होती, म्हणजे तेच प्रथिन नेमकं ओळखून धरणारा रक्तातला पदार्थ. ती वाण्याकडे थोडीच मिळते. तेच प्रथिन बकरीला दर महिन्याला टोचायचं, मग तिचं रक्त काढून त्यातलं पाणी मेंदूच्या पातळ कापावर घालायचं. जमलं तर काचेवर तो गुंता तपकिरी उमटतो. काल बाईंच्या कर्जतच्या प्रयोगशाळेत गजानं काच बघितली, तर कोरीच्या कोरी. सुई टोचायला चार महिने कर्जतहून सायकल हाणली ती पाण्यात गेली. प्रथिनाच्या दोनच कुप्या उरल्या होत्या, आणि दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही तर डॉक्टरीणबाई कर्जतचं काम गुंडाळणार होत्या, गजाच्या नोकरीसकट. बिल्ला खरं तर कानाला ठोकायचा, पण तेव्हा हीच गौराबाई आडवी आली होती. म्हणून तो दोरीनं गळ्यात. तिचं ऐकलं, तिथंच शेण खाल्लं.

“अगं, रक्ताला ओळख पटावी लागते,” तो तणतणला. “पहिल्या सुईला ते नुसतं बिचकतं. परत तीच बकरी, परत तीच सुई, तेव्हा कुठं ते पक्कं ओळखतं. तू दर महिन्याला नवीन उभी केलीस. दर महिन्याला पहिल्यापासून सुरुवात. कसं ओळखणार ते, सांग की.”

गौराबाईनं लेंड्या गोळा करता करता विचार केला.

“मंग मोतीला का फिरवता रं तुमी तिघं भाऊ?”

मोती म्हणजे गजाची आई, मोतीबाई. कोंडाण्याची माहेरवाशीण, गौराबाईची लहानपणची सोबतीण. दोन वर्षांपासून तिचं विसरणं वाढलं होतं, तेव्हा भावांनी वाटणी केली. एक महिना कर्जतला गजाकडे, एक साजगावला चांगोकडे, एक ठाकुरवाडीला नागूच्या रेल्वेच्या खोलीत. कुणा एकावर भार नको. प्रत्येक घरी ती मोरी कुठं, पाणी कुठं, विचारत राहायची, आणि जरा हाताला घर कळलं की महिना संपायचा.

“माणसाचं वेगळं असतं,” गजा म्हणाला.

“आसंल बाबा. तू शिकलेला.”

तिनं बिल्लेवाली पुढं ओढली, दोरीला जास्तीच्या दोन गाठी मारल्या आणि बकरीचं डोकं मांडीत दाबून धरलं. गजानं सुई टोचली. निरोपसुद्धा न घेता तो निघाला. सगळ्या रस्त्यानं त्याला गौराबाईचाच राग येत होता.

त्या दिवशी तीस तारीख. उंबऱ्याशी आईची पिशवी भरून ठेवलेली, उद्या साजगाव. आत त्याची बायको शकू स्टोव्हवर कालवण ढवळत होती. “मीठ घालू का गं?” असं म्हणत आईनं मागं न बघता फळीवरची बरणी काढली. गेल्या पंधरवड्यात हीच बरणी ती कपड्यांच्या ट्रंकेत शोधत होती.

गजानं पिशवीतली दोन लुगडी काढून परत दांडीवर टाकली.

“अहो, उद्या चांगोभावजी न्यायला येतायत ना?”

“येऊ दे. चहा पिऊन जाईल. आई आता इथंच राहील.”

शकूनं पळी खाली ठेवली. “आणि मी एकटीनंच किती सोसायचं?”

हेच वाक्य त्यानं सकाळी गोठ्यात ऐकलं होतं. तो पाटावर येऊन बसला आणि तांदळाचा डबा पुढं ओढला.

“मला भात लावायला शिकव,” तो वैतागूनच म्हणाला.