अकरा कैलासवासी, एक मरहूम

रियाज तांबोळीचं सायकलचं दुकान बिबवेवाडीत मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होतं. आत होतं म्हणूनच अजून होतं. रस्त्यावरची जागा मोबाइलवाल्यांनी केव्हाच गिळली असती. हातात पाना आणि तोंडात उपदेश हा त्याचा थाट. गंजकी साखळी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी झापायचा, मग साखळी बदलायचा, आणि पैसे मात्र फक्त साखळीचे घ्यायचा. माणूस सरळ. इतका सरळ की त्याची बायको कमरजहां त्याला गवंड्याचा ओळंबा म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

या सरळ माणसाला एकच लोभ होता, तो म्हणजे त्याची मुलगी सलीमा. अठरा वर्षांची सलीमा डोंगरउतारावर सायकल अशी सोडायची की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. सायकल बापानेच तीन वेगवेगळ्या सायकलींचे अवयव जोडून बनवलेली. राज्याच्या शिबिरात मुलींसाठी एकच जागा होती आणि वयाच्या अटीत बसण्याचं सलीमाचं हे शेवटचं वर्ष. निवड करणाऱ्यांनी कळवलं होतं, पुण्यात धड ट्रेल, म्हणजे सायकलची डोंगरवाट, असेल तर चाचणी पुण्यात घेऊ. पण ट्रेल होता कुठे? सकाळी स्वारगेटच्या चौकातून सायकल जिवंत बाहेर काढणं हाही साहसी खेळच आहे, फक्त त्याला पदक नाही.

ट्रेल करायला टेकडी होती. टेकडीवर रोज पहाटे चालणारी ज्येष्ठ मंडळी होती आणि त्यांचे म्होरके होते गोपाळकृष्ण दामले. निवृत्त हेडक्लार्क. वीस वर्षांपूर्वी नारायण पेठ सोडून बिबवेवाडीत राहायला आले होते, पण अजून पत्ता सांगताना "सध्या" म्हणायचे. रियाज त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेला तेव्हा त्यांनी तो चष्म्यावरून वाचला.

"टेकडीवर सायकली? वा. उद्या विमानतळही आणा. आम्हाला तेवढं खाली उतरायला कुठून परवानगी आहे ते सांगा."

"अहो, वाट वेगळी काढू. मागच्या उतारावर. तिकडे तुम्ही कोणी जात नाही."

"जात नाही हे खरं. पण जावंसं वाटलं तर?" दामल्यांनी खालची सही वाचली आणि एकदम थांबले. "तांबोळी? पेठेतले भाड्याने सायकल देणारे रज्जाकभाई तुमचे कोण?"

"वडील. चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

दामल्यांनी चष्मा काढला. "लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल घ्यायचो त्यांच्याकडून. एकदा अर्धा तास उशिरा परत आणली. खिशात एका तासाचेच पैसे. मी रडकुंडीला. तुमचे वडील भिंतीकडे बघून म्हणाले, 'आमचं घड्याळ पुढं आहे, तू वेळेवर आलास.' तेव्हापासून मी त्यांचा अर्धा तास लागतो." एवढं बोलून त्यांनी अर्जावर सही ठोकली.

परवानगीचं पत्र आलं, राहिली वर्गणी. 'उद्याच्या खेळाडूंसाठी' म्हणून रियाज आणि दामले पंधरा दिवस जिने चढले. जमले दोन हजार एकशे चाळीस रुपये आणि सूचना साधारण तीनशे. सोळाव्या दिवशी दामले तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "रियाज, आपलं चुकतंय. पुण्यात माणूस जिवंत पोरासाठी खिसा उघडत नाही. गेलेल्यांसाठी उघडतो. टेकडीवरची बाकं पाहिलीस ना? एक तरी बाक बिननावाचं आहे का?"

मग ट्रेलची बारा वळणं विक्रीला काढली. प्रत्येक वळण अकरा हजार, वळणावर गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी. आठवड्यात झुंबड उडाली. मग भांडणं. एकजण म्हणाला, वडिलांना चढाजवळचं वळण नको, त्यांना दमा होता. हेमाताई गोऱ्यांना आईसाठी सावलीचंच वळण हवं होतं, कारण तिला ऊन सोसायचं नाही. दोन घरांनी तर लेखी मागितलं की आमचे भाऊसाहेब आणि त्यांचे व्याही शेजारशेजारच्या वळणांवर नकोत, जिवंतपणी बोलत नव्हते. एका गृहस्थांनी स्वतःसाठीच वळण आगाऊ मागितलं. दामल्यांनी सांगितलं, "आपण राहून गेलात, पुढच्या ट्रेलला बघू."

अकरा वळणं गेली. बारावं, सगळ्यांत उभं आणि शेवटचं, कोणी घेईना. ते रियाजने वडिलांच्या नावाने घेतलं. कमरजहांने त्यासाठी फ्रीजचा बेत पुढे ढकलला आणि महिनाभर त्याला पाणी देताना त्याची आठवण करून दिली.

रविवारी श्रमदान. कुदळी, पहारी, घमेली. पोरं खणायची, ज्येष्ठ मंडळी खणण्याची दिशा दाखवायची. एका पहारीला चार सल्लागार असं प्रमाण पडलं. तरी तीन महिन्यांत वाट झाली. वळणांना मातीचे बांध आले, पाणी जायला चर आले.

पाट्यांचं काम पेंटर दत्तोबाकडे. दत्तोबा अक्षरावर पैसे घ्यायचा. हेडक्लार्कच्या अंगात हे ऐकून जुना उत्साह संचारला. 'यांच्या स्मरणार्थ' कापलं. स्मरण आहे म्हणूनच पाटी आहे. जन्म-मृत्यूच्या तारखा कापल्या. घरच्यांना पाठ आहेत. देणगीदारांची नावं कापून एका कागदावर टाइप केली आणि तो कागद दामल्यांच्या फायलीत गेला. उरलं काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत फक्त 'कै. वामन गोखले', 'कै. सुभद्राबाई गोरे'. रियाजच्या पाटीची वेळ आली तेव्हा दत्तोबा म्हणाला, "साहेब, कै.च्या जागी मरहूम घातलं तर जास्तीचे पडतील."

"घाला," दामले म्हणाले. "जास्तीचे माझ्याकडून."

चाचणीच्या आदल्या दिवशी सरावाला राज्यभरातून बावीस मुली आल्या. पायथ्याशी रियाज दुरुस्तीचं टेबल मांडून बसला होता. वर बघतो तर मुली सायकली हातात धरून, पायांनी वाट चाचपत, ओळीने खाली येत होत्या. वरात उतरावी तशा. शेवटी नाशिकची शालू आली. सगळे म्हणत होते की सलीमाला टक्कर देईल तर हीच. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "या ट्रेलवर बारा जण गेलेत?"

रियाजला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू फुटायच्या आत दुसरंच काहीतरी मनात आलं. सलीमाला माहीत आहे. सलीमाच्या समोरच तर भांडणं झाली होती. उद्या बावीसमधल्या एकवीस प्रत्येक वळणावर ब्रेक दाबणार आणि ती एकटी सुसाट येणार. तोंड उघडून सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"हं," रियाज म्हणाला.

त्या 'हं'ने त्याला संध्याकाळभर छळलं. कमरजहांने ताटात पहिली भाकरी वाढली, ती तशीच राहिली. "क्या हुआ? नमक कम है?" तिने विचारलं. नमक ठीक होतं. ओळंबा हलला होता.

पहाटे नमाज आटोपून तो पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन टेकडी चढला. पहिल्या पाटीपाशी गुडघ्यावर बसला तोच मागून आवाज आला, "पाट्यांची चोरी होते हे ऐकलं होतं. पाट्यांचं लेखन चोरून होतं हे नवीन." दामल्यांची फिरायची वेळ.

रियाजने सगळं सांगितलं, 'हं'सकट. दामल्यांनी पाटीवरच्या मोकळ्या जागेवरून काठीचं टोक फिरवलं. मग म्हणाले, "अक्षरं मी कापली. पाप निम्मं माझं. लिही."

दामल्यांना त्या अकराही जणांचं जाणं ठाऊक होतं, एकालाही पोचवायचं त्यांनी चुकवलं नव्हतं. ते काठी टेकून सांगत गेले आणि रियाज पाटीच्या तळाशी लिहीत गेला. 'वय ९१. घरी. झोपेत.' 'वय ८४. दवाखान्यात. सायकलचा संबंध नाही.' हेमाताईंच्या आईपाशी दामले थोडे अडखळले, मग म्हणाले, "वय ८८. श्रीखंड खाऊन. समाधानाने." भाऊसाहेबांनी आयुष्यात सायकलला हात लावला नव्हता, तेही लिहिलं.

अकरा झाल्या. बाराव्या वळणाशी येईतो चांगलंच उजाडलं होतं, खाली मुली जमायला लागल्या होत्या. दामले लाल झेंडा घेऊन वळणाच्या वरच्या अंगाला उभे राहायला गेले. त्यांची नेमणूक तिथेच होती. रियाज बापाच्या नावासमोर बसला. डब्यात तळाशी पाच-सात शब्दांपुरता रंग होता. त्याने डब्यात पाहिलं, पाटीकडे पाहिलं, खाली उभ्या सलीमाच्या लाल हेल्मेटकडे पाहिलं.

मग त्याने डब्याचं झाकण लावलं. रंग संपला, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःने ते ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

एकेक मुलगी दोन-दोन मिनिटांनी सुटली. काल वरात होती, आज वादळ. वर चढताना पाट्या वाचून आदल्या दिवसाची भीती कुठल्या कुठे पळाली होती. एकजण तर श्रीखंडाच्या पाटीपाशी हसता हसता पडता पडता वाचली. शालू उतरली तेव्हा जमलेल्यांनी श्वास रोखला. सलीमा शेवटी सुटली. ती खाली पोचली, घड्याळवाल्याने आकडा दोनदा तपासला आणि निवड अधिकाऱ्यांनी जाहीर केलं: सलीमा तांबोळी पहिली, तीन सेकंदांनी. कमरजहां भर गर्दीत ओरडली. पोरांनी घमेली बडवली.

रियाज टाळ्या वाजवत होता तोच शालू त्याच्या टेबलाशी आली. हरली होती, तरी हसत होती. "काका, पाट्या लिहिल्या ते बरं केलंत. बाकीचे सगळे म्हातारपणी गेले. पण ते शेवटच्या वळणावरचे, ते मात्र इथेच गेले ना? त्यांच्या पाटीवर काहीच नव्हतं. मी ब्रेक लावला. हातच जोडले असते, पण हॅंडल सुटलं असतं."

टाळ्या वाजवणारे हात तिथेच थांबले. तीन सेकंद. बापाच्या नावाखाली ठेवलेली तीन सेकंदांची मोकळी जागा. सलीमा समोर अम्मीच्या गळ्यात पडली होती आणि रियाजला तिच्याकडे बघवेना. तिची जागा जाईल, पुन्हा संधी येणार नाही, हे सगळं त्याला कळत होतं. तरी तो उठला आणि निवड अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, हा निकाल खरा नाही," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. डब्यातल्या रंगासकट. शालू ऐकत होती, सलीमाही. कमरजहांने पदर तोंडाला लावला.

अधिकारी टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "म्हणजे शेवटच्या वळणावर बाकीच्यांनी ब्रेक लावला, आणि तुमच्या मुलीने लावला नाही?"

"लावला नाही?" मागून दामल्यांचा आवाज आला. ते लाल झेंडा काखेत मारून, धापा टाकत खाली आले होते. "मी तिथे काय हवा खायला उभा होतो? बावीसच्या बावीस जणींनी लावला. बाकीच्यांचं समजू शकतो, हो. पण ही? हिला तर सगळं माहीत! मी तिच्याशी याच विषयावर बोलायला आलोय. सलीमा, तिथे ब्रेक का?"

सलीमाने मान खाली घातली. "मी तिथे कायम लावते."

"का?"

"दादाजान आहेत ना तिथे." ती बापाकडे बघत म्हणाली. "त्यांनी शिकवली सायकल मला. सलाम न करता त्यांच्यासमोरून भुर्रकन कशी जाऊ? अब्बा, मी प्रॅक्टिसलाही तिथे स्लो होते. तुम्ही खाली बसता, तुम्हाला दिसत नाही."

अधिकाऱ्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "म्हणजे ब्रेक सगळ्यांचाच. मग मला हे सांगितलंत कशाला? निकाल तोच." शालू पुढे आली आणि तिने सलीमाशी हात मिळवला. "माझा भीतीचा होता, तुझा बरा होता," ती म्हणाली.

रियाज आडोशाला, टेबलामागे जाऊन बसला आणि पान्यांच्या पेटीत तोंड घालून रडला. पाने मोजतोय असं दाखवत होता, पण कोणी फसलं नाही.

उन्हं तिरपी झाल्यावर तो पुन्हा टेकडी चढला. सोबत दामले होते, कारण अर्ध्या तासाचा हिशेब अजून फिटला नव्हता असं त्यांचं म्हणणं. रियाजने डबा उघडला, तळाशी थोडं टर्पेंटाइन ओतलं, रंग ढवळला आणि मरहूम रज्जाक तांबोळींच्या नावाखाली लिहिलं, 'वय ८१. घरी. झोपेत.' जरा थांबून आणखी एक ओळ लिहिली, 'तरी ब्रेक लावायला हरकत नाही.'

दामल्यांनी चष्म्यावरून दोन्ही ओळी वाचल्या आणि बोटांवर अक्षरं मोजायला लागले. मोजता मोजता मध्येच त्यांनी हात खाली घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "यातलं एकही कापायचं नाही."