काचेतून दिलेलं सोनं

दसऱ्याचं सोनं जावयानं गाडीच्या काचेतून द्यावं, हे मंदाताईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. हेमेंद्ररावांनी तेवढंही दाखवलं. संध्याकाळी माधवगंजाच्या गल्लीत पांढरी गाडी दाराला खेटून उभी केली. इंजिन चालू, आतला गारवा चालू, काच चार बोटं खाली. त्या फटीतून शमीची पानं बाहेर आली, पानांमागून दोन बोटं आणि बोटांमागून आवाज.

"आईसाहेब, सोनं घ्या. उतरत नाही, बाड्याच्या चौकात जाम लागेल मग."

शेजारी शिखा बसलेली. पोटची पोर, पण नवऱ्याच्या वतीनं ओशाळं हसण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं. मंदाताई औक्षणाचं ताट घेऊन दारात उभ्या. निरांजन काचेला ओवाळावं की आरशाला, हे ठरेपर्यंत गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

"सब्जीवाल्याला पैसे देतात असे," आत येऊन त्या नातवाला म्हणाल्या. "आणि तोसुद्धा घेताना तोंड बघतो आपलं."

"आजी, जाने दो ना," समरजीत म्हणाला. "उद्या काम आहे फुफाजींकडे."

फुफाजी म्हणजे त्याच्या आत्याचा नवरा, हेमेंद्ररावच. काम होतं हे खरं, म्हणूनच मंदाताईंनी जीभ आवरली होती. एरवी त्यांच्या जिभेला भिऊन गल्लीतला दूधवाला पाणीसुद्धा बेतानं घालायचा.

आता समरजीतचं काम सांगायला हवं. ग्वाल्हेरला समुद्र नाही. ह्या घराण्याचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून आले, आणि तेव्हापासून तोंड धुण्यापलीकडे पाण्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच घरातलं हे पोर जहाजावर नोकरीला लागलं. जहाजावरून पाण्यात यंत्र सोडायचं, आपण वर बसून ते चालवायचं, आणि समुद्राच्या तळाशी काय चाललंय ते बघायचं. तेलाच्या नळाला गंज लागला का, कुणाचं जाळं तुटून खडकात अडकलं का, पोवळी जिवंत आहेत का.

सुट्टीवर आला की तो आजीला मोबाइलवर दाखवायचा. "ये देखो, पोवळी पांढरी पडताहेत. पानी गरम हो रहा है समंदर का."

"माझ्या अंगठीतलं अजून लाल आहे," मंदाताई म्हणायच्या. "त्यांना म्हणावं, जपून वापरा."

एक चित्रफीत मात्र त्यांनी पुन्हा लावायला सांगितली होती. तुटक्या जाळ्यात कासव गुरफटलं होतं, आणि यंत्रानं आपल्या चिमट्यानं एकेक धागा कापून त्याला सोडवलं. कासव सुटलं तसं तडक निघून गेलं, मागं वळूनही बघितलं नाही.

"जावयाच्या जातीचं दिसतंय," मंदाताईंनी शेरा मारला. पण डोळ्याला पदर लावला, तो समरजीतनं पाहिला.

ह्या खेपेला तो स्वतःचं यंत्र घेऊन आला होता. पिवळा डबा, पुढं काचेचा फुगीर डोळा, मागं लांबलचक वायरीची शेपटी. त्याला आता घरी राहायचं होतं. आसपासची धरणं, तलाव, त्यांच्या पाण्याखालच्या भिंती कोण बघतं? कुणीच नाही. ते काम त्याला हवं होतं, आणि ते द्यायचं की नाही हे हेमेंद्ररावांच्या हातात होतं, कारण धरणांचं खातं त्यांच्याकडे. उद्या एका जुन्या धरणावर यंत्राची परीक्षा. जमलं तर पोरगा ग्वाल्हेरात. नाही जमलं तर दिवाळी झाली की पुन्हा जहाज, आणि मंदाताईंच्या नशिबी मोबाइलवरचे मासे.

म्हणून तर त्यांनी सकाळी जे केलं ते केलं.

सकाळी शस्त्रपूजा होती. यजमान मानसिंगराव जाऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची तलवार दर दसऱ्याला तेल पिऊन पाटावर येते. तिच्या शेजारी शिलाईचं मशीन, मिक्सर, स्कूटरची किल्ली. घरात जे राबतं त्याला हळदकुंकू, असा मंदाताईंचा कायदा.

"आजी, प्लीज, माझ्या ड्रोनला कुछ मत लगाना," समरजीतनं आधीच बजावलं. "कॅमेरा आहे त्याला. कल ट्रायल है."

"बरं," मंदाताई म्हणाल्या.

मंदाताईंचं 'बरं' म्हणजे काय, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. समरजीत फार दिवस समुद्रावर राहिला होता.

तो अंघोळीला गेला तसा त्यांनी यंत्राचा खोका उघडला. तलवारीचं तेल उरलं होतं, ते फडक्यानं सगळ्या अंगाला लावलं. डोळ्याला नजर लागू नये म्हणून तिथं अंमळ जास्त. कुंकवाची दोन बोटं कपाळावर, म्हणजे कपाळ असावं अशा जागी. मागं पंख्यांच्या आजूबाजूला बऱ्याच पोकळ्या होत्या. देवानं पोकळी दिली ती भरण्यासाठीच, असं समजून त्यांनी प्रत्येकीत हळद दाबून बसवली. वर अक्षता टाकल्या, खोका बंद केला, खटका लावला आणि श्रीखंड ढवळायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुजलेल्या शस्त्राची पहिली स्वारी म्हणून त्याही धरणावर गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं; तसं त्यांना कुठंच कुणी बोलवत नाही.

बांधावर हेमेंद्ररावांची गाडी आधीच उभी होती. आत हेमेंद्रराव, आत गारवा. समरजीतच्या पडद्यावर जे दिसेल ते त्यांच्या फोनवरही दिसणार होतं, तेव्हा उतरायचं कारणच उरलं नव्हतं.

समरजीतनं खोका उघडला आणि तसाच बसून राहिला.

"आजी."

"नुसतं टेकवलंय," मंदाताई म्हणाल्या.

त्यानं शर्टाच्या टोकानं डोळा पुसला. तेलात कालवलेलं कुंकू ते, पुसलं तितकं पसरलं. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. काच चार बोटं खाली आली. "चलो भई समर, मेरी मीटिंग है!"

पोरानं दातओठ खाऊन यंत्र पाण्यात सोडलं.

पडद्यावर हिरवट पाणी दिसू लागलं, आणि डाव्या कोपऱ्यात कुणी पान खाऊन थुंकल्यासारखा लाल डाग. मग मासे आले, बारके, झुंडीनं. अक्षतांचा एकेक दाणा सुटत होता आणि मासे डोळ्यासमोर पंगतीला बसत होते.

गाडीतून हसू ऐकू आलं. "प्रसाद बाँट रहा है? समर, तुला काम दिलं तर प्रत्येक धरणावर भटजी पण नेणार का?"

समरजीतचे कान लाल झाले. मंदाताई पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांना स्वतःला कुणी काही बोललेलं लागत नाही, त्या दुप्पट परत करतात. पण पोराचे कान त्यांना बघवेनात.

यंत्र खाली गेलं. दगडी भिंत लागली. तिच्या कडेकडेनं ते हळूहळू सरकत होतं, आणि एका जागी समरजीतनं ते थांबवलं.

"फुफाजी, इथं भेग आहे."

"कुंकू है वो. लेन्स पे."

"कुंकू डावीकडे आहे. ये बीच में है. यंत्र हललं की कुंकू सोबत येतं, ही भिंतीवरच राहते."

मंदाताईंनी वाकून बघितलं. दगडांच्या सांध्यातून एक काळी रेघ वाकडीतिकडी खाली गेलेली.

"असेल वरवरची," हेमेंद्रराव म्हणाले. "मागच्या वर्षी मी स्वतः बघून गेलोय. इथूनच."

"पाणी आत खेचलं जातंय का ते बघायला हवं. तिथं रंग सोडतात. रंग भेगेत शिरला तर धरण झिरपतंय. मी रंग आणला नाही, फुफाजी, उद्या पुन्हा..."

"पुन्हा-बिन्हा नाही." आवाज एकदम गोड झाला. "लिख दे, भिंत ठीक. तुझं काम पक्कं समज. घर में रह, आजीके हाथ का श्रीखंड खा."

समरजीतनं आजीकडे पाहिलं. मंदाताईंना जे हवं होतं ते त्या फटीतून पुन्हा एकदा बाहेर आलं होतं, दोन बोटांत धरलेलं. घ्यायचा तेवढा अवकाश होता.

पोरानं मान वळवली आणि यंत्र वर आणण्यासाठी पंखे जोरात फिरवले. पोकळ्यांतली हळद तेवढ्याचीच वाट बघत होती. भसकन पिवळा धूर सुटला आणि पडदा भरून गेला.

"लो," गाडीतून आवाज आला. "अब हल्दी."

"थांब," मंदाताई म्हणाल्या. "हलवू नको."

धूर क्षणभर तरंगला. मग त्याची एक बाजू चिंचोळी झाली, तिचा धागा झाला आणि तो धागा भिंतीकडे निघाला. भेगेच्या तोंडाशी पोचला, आत गेला, आणि त्याच्यामागून उरलेला पिवळा ढगही निमूटपणे आत जाऊ लागला. एक अक्षता भेगेच्या ओठाला चिकटून थरथरत राहिली. परत काहीच बाहेर आलं नाही.

"हळद आहे आईसाहेबांची," हेमेंद्रराव म्हणाले, पण आता न हसता. "पाण्यात पसरणारच."

"हळद माझीच आहे," मंदाताई म्हणाल्या. "पण ती भिंतीत कोण ओढतंय?"

गाडीची काच वर गेली.

"फुफाजी," समरजीत म्हणाला, "मी 'ठीक' नाही लिहिणार." एवढं बोलून तो खाली बसला. जहाजच आता, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. मंदाताईंनाही दिसलं. त्यांनी पदर खोचला आणि गाडीपाशी गेल्या. बोटाच्या पेरानं काच वाजवली. ती नेहमीइतकीच खाली आली.

"हेमेंद्रराव, काल सोनं फटीतून दिलंत, मी घेतलं. जावई आहात. धरणही फटीतूनच बघितलंत, ते मी घेणार नाही. ह्या भिंतीच्या खाली गावं आहेत, त्यांनी काही तुम्हाला मुलगी दिलेली नाही की तुमचं सगळं पोटात घालावं. पोराला काम देऊ नका, जाऊ दे त्याला समुद्रावर, तिथं कासवं तरी सोडवील. पण ती भेग तुम्ही आज पाण्याशी जाऊन बघायची आणि आपल्या हातानं लिहायची. पायाला चिखल लावून घरी आलात तर दिवाळीला उटणं मी स्वतः लावीन. नाही आलात तर शिखाला एकटीला पाठवा. आणि तो डबा बघा जरा. अंगाला तेल, तोंडाला कुंकू, पाठीत हळद, लोक हसताहेत, तरी गेला ना खाली? तुम्हाला तर मी अजून काही लावलंही नाही. उतरा."