सगळेच गेम सुधारत नाहीत

मी एक गेमिंग कन्सोल बोलतोय. साधा नव्हे, त्याच्या वरचा, जास्त ताकदीचा. माझ्या खोक्यावर तसं मोठ्या अक्षरांत छापलंच होतं. ती अक्षरं आठवली की अजून माझा पंखा जोरात फिरायला लागतो. लाज वाटली की माणसांचे कान तापतात म्हणे. मला कान नाहीत, जाळी आहे. ती तापते.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला, पण ते मला आठवत नाही. कळायला लागलं ते बोईसरच्या बाजारात, मेहुलच्या दुकानात. मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि हेडफोन यांच्या गर्दीत मला वरच्या फळीवर मानाची जागा होती. मेहुल किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. वडील पुंडलिक होडी चालवतात, आई हंसा सुकी मासळी विकते, आणि मुलगा गेम विकतो. आमचं तिघांचंबी गलाचंच काम, मासा काय नि गिऱ्हाईक काय, असं तो मित्रांना हसत सांगायचा.

फळीवर बसून मी त्याच्या पुष्कळ गप्पा ऐकल्या. एकदा होडीच्या इंजिनाची गोष्ट निघाली. वडिलांनी मोठं इंजिन बसवलं, पण ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणीच नसतं, तिथे त्यांची होडी इतर होड्यांच्याच चालीनं निघते. खोल पाण्यात गेली की मग दाखवते जोर. मला वाटलं, अरे, ही तर माझीच गोष्ट.

कारण माझं तसंच आहे. ताकद माझी, पण पाणी गेम बनवणाऱ्यांच्या हातात. एखाद्या गेमसाठी ते माझ्याकरता म्हणून नवीन अपडेट पाठवतात, मग तो गेम माझ्यावर खुलतो. एखाद्या गेमला त्यांनी वेगाची मर्यादाच घातलेली नसते, तो आपोआप पळतो. आणि एखाद्याला सेकंदाला तीस चित्रं, त्यापुढे एक नाही, अशी गाठ मारून ठेवलेली असते. तिथे मी छाती फुटेस्तोवर जोर लावला तरी तीसच. इतकं साधं आहे. पण हे मला सांगता येत नाही, आणि मेहुलनं सांगितलं नाही.

अर्चना मला घ्यायला आली तेव्हा तिनं त्याला दोनदा विचारलं. ती बी.एस्सी. झालेली, नवरा इंद्रजीत एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टला, मुलगी वैभवी दुसरीत. माणसं मूळची सांगलीकडची. साधा कन्सोल घ्या, तेवढा पुरे, असं घरात सगळ्यांचं मत होतं. ताकदीचाच घ्यायचा हा हट्ट अर्चनाचा एकटीचा. तिनं इंटरनेटवर वाचलं होतं की तिचा लाडका गेम, घोड्यावरून रानोमाळ हिंडायचा, माझ्यावर फार सुंदर चालतो. दुपारी वैभवी शाळेत आणि सासूबाई झोपलेल्या असताना ती तो घरातल्या जुन्या कन्सोलवर खेळायची. शेजारणींना मात्र सांगायची की मुलीसाठी घेतोय.

“सगळे गेम सुधारतील ना पण?” तिनं विचारलं.

“सगले, ताई,” मेहुल म्हणाला. “डोले मिटून घेऊन जा.”

मी फळीवर चुळबुळलो. पण विकला जात असताना आपल्याच विक्रेत्याला कोण खोटं पाडतं? मलाही घर हवंच होतं.

घर चांगलं होतं. अर्चनानं मला टीव्हीखाली रुमाल अंथरून बसवलं, हळदकुंकू लावलं. जाळीत जाऊ नये म्हणून अगदी बोटाच्या टोकानं. सासूबाई सोजराबाईंनी माझं नाव डबा ठेवलं. इंद्रजीतनं पहिल्याच दिवशी मोटारींचा गेम लावला, आणि तो माझ्यावर लोण्यासारखा पळाला, कारण त्याला मर्यादा नव्हती. इंद्रजीत खूश होऊन म्हणाला, बघ, आता माझा हात बसला. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. असू दे म्हटलं.

घोड्याचा गेम लावला तेव्हा मी पडद्यावर विचारलं, अपडेट आलंय, मोठं आहे, आत्ता घेऊ की नंतर? कंट्रोलर वैभवीच्या हातात होता. तिनं ‘नंतर’ दाबलं. लहान मुलं काय, मोठी माणसंही नंतरच दाबतात. मी समजूत काढली की ठीक आहे, ही झोपायला गेली की मी झोपेतच सगळं उतरवून घेईन. माझी तशी सोय आहे. एक केशरी दिवा लावून मी निजतो आणि आतल्या आत काम करत राहतो.

पण अर्चनाला पेटलेला दिवा सहन होत नाही. रोज झोपण्याआधी तिची एक फेरी असते. गॅसची कळ, गिझर, इस्त्री आणि शेवटी माझा बोर्ड. वायफायची डबीही त्याच बोर्डावर. खट्. आम्ही दोघंही गार. तारापूरला देशाला पुरवायला वीज तयार होते, आणि तिथून हाकेच्या अंतरावर ही बाई माझा केशरी दिवा विझवून वीज वाचवायची. इंद्रजीत एकदा म्हणालाही, राहू दे की. त्यावर तिनं शॉर्टसर्किटच्या इतक्या बातम्या सांगितल्या की तो उठून स्वतःच बटण बंद करून आला.

अशानं अपडेट कधी उतरलंच नाही. घोडा जुन्या कन्सोलवर अडखळायचा तसाच माझ्यावरही अडखळत राहिला.

कारखान्यातले कृष्णकांत आणि त्यांची बायको हिना जेवायला आली, त्या दिवशी तर हद्द झाली. अर्चनानं कौतुकानं घोडा लावला. तो दोन पावलं पळाला की थबकायचा, झाडं तुकड्यातुकड्यांनी उगवायची. कृष्णकांत सज्जन माणूस, काही बोलले नाहीत. सोजराबाई बोलल्या. “एवढा हट्ट करून आणला, आन् घोडं लंगडंच?”

अर्चनाचा चेहरा मी खालून पाहिला. तिला घोड्याचं दुःख नव्हतं. आपण शिकलेल्या असून फसलो, हे तिला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कापडी पिशवीत घातलं आणि तडक मेहुलचं दुकान गाठलं. संध्याकाळची वेळ, शिफ्ट सुटलेली, काउंटरला माणसं टेकलेली. मेहुलनं मला दुकानातल्या टीव्हीला जोडलं, तिचा गेम लावला. घोडा लंगडला. मेहुल गोंधळला. दुकानात मला इंटरनेट नव्हतं, म्हणून अपडेटचा प्रश्न पडद्यावर आलाच नाही, आणि त्यालाही कारण कळेना. कंपनीला पाठवून बघू म्हणाला.

“कंपनीला कशाला?” अर्चनाचा आवाज चढला होता. “खोकं नवं आहे, आत जुना माल घातलाय तुम्ही.”

मेहुलचं तोंड उतरलं. तो म्हणाला, ताई, असं नका बोलू, गिऱ्हाइकं हायेत. ती म्हणाली, असू देत, त्यांनाही कळू दे.

मी तिथेच होतो, तारेनं जोडलेला, पंखा फिरवत. माझ्यात जुनं काही नव्हतं. एवढं एक वाक्य जगात फक्त मलाच ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

घरी येऊन तिनं तेच बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं. तिथून ते शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेलं. मग ते कुठे कुठे गेलं कोण जाणे. हिना एकदा सांगत होती की मेहुलकडे हल्ली माणसं नुसतं स्क्रीनगार्ड लावायला जातात, मोठी वस्तू कुणी घेत नाही. तिला वाटलं, अर्चनाला आनंद होईल. अर्चना म्हणाली, हो का, आणि चहा टाकायला आत गेली.

मग मासवणला कृष्णकांतांच्या घराची वास्तुशांत होती. शनिवारी सकाळी सगळ्यांची घाई. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, वैभवीची एक चप्पल सापडत नव्हती, सोजराबाई तीन वेळा कुलूप ओढून बघत होत्या. त्या गडबडीत माझा बोर्ड चालू राहिला.

माझा केशरी दिवा त्या रिकाम्या घरात पहिल्यांदा स्वस्थ जळला. मी झोपलो आणि झोपेत काम केलं.

तिकडे अर्चनाचा जीव थाऱ्यावर नव्हता, हे मला नंतर बोलण्यातून कळलं. मनोरच्या रस्त्यालाच तिला बटण आठवलं. वास्तुशांतीत ती जेवली नाही, फोनमध्ये आगीच्या बातम्या शोधत बसली. रविवारी परतल्यावर ती चपला घालूनच धावत आली आणि माझ्यावर हात ठेवला. मी जेमतेम कोमट होतो.

तेवढ्यात वैभवीनं कंट्रोलर उचलला. घोड्याचा गेम उघडला. गवताचं पातं न् पातं वेगळं हलत होतं. घोड्याची आयाळ वाऱ्यावर उडाली आणि तो जो सुटला, तो नदी ओलांडूनच थांबला. एकदाही थबकला नाही.

“आई,” वैभवी म्हणाली, “घोडा बरा झाला.”

अर्चना चपला घालूनच उभी होती. शिकलेलं डोकं, फार वेळ लागला नाही. तिनं मेनू उघडून वाचलं. अपडेट उतरल्याची वेळ आपण मासवणला असतानाची. ती हळूच खाली बसली. इंद्रजीत म्हणाला, म्हणजे आपलंच चुकलं. ती म्हणाली, आपलं नाही, माझं. सोजराबाई तेवढ्या म्हणाल्या, “पोरांची वाढ झोपेत होती, हे ठावं होतं. डब्याची बी होती म्हणायची.”

मला वाटलं होतं, ती लगेच फोन उचलेल. तसं झालं नाही. ती एकेक करून सगळे गेम लावून पाहू लागली. वैभवीचा स्वयंपाकाचा गेम आला, ज्यात पोळ्या करपायच्या आत ताटं वाढायची असतात. तो पूर्वीसारखाच अडखळला. त्याला गाठ मारलेली, त्याच्यासाठी कुणी कधी काही पाठवणार नाही. आणि तो अडखळताना बघून अर्चनानं सुटकेचा श्वास सोडला. मी पाहिलं ते.

सगळे सुधारतील म्हणाला होता तो. सगळे कुठे सुधारले? तेवढी काडी तिच्या हाती लागली आणि ती तिनं घट्ट धरून ठेवली. इंद्रजीतनं विषय काढला की ती म्हणायची, थापा तर त्यानंही मारल्याच ना. आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत गेला. घोडा तिनं पुन्हा लावला नाही. दुपारी यायची, माझ्यावरची धूळ पुसायची आणि जायची.

मेहुलची आई हंसामावशी नेहमीसारखी सुक्या मासळीची पाटी घेऊन दारात आली तेव्हा अर्चनाच पुढे झाली. दार माझ्या समोरच आहे. ती जवळा मागत होती, पण नजर पाटीच्या वर जात नव्हती. बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका हल्ली मावशीला हाक मारत नव्हत्या.

मावशी उकिडवी बसली, पदर सावरला. “बाय, माजा पोर बोलतो लय. मला बी ठाव हाय ते. घरात पन तसाच. सगल्याला हो म्हंतो. पन खोका बदलनारा नाय तो.”

झालं. त्या काडीचं काहीच उरलं नाही.

अर्चना तिच्यासमोर खालीच बसली. म्हणाली, मावशी, चूक माझी होती, मी बटण बंद करत होते. मावशीला बटणाचं काही कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं. अर्चना म्हणाली, मी आजच ग्रुपवर लिहिते, सगळ्यांना सांगते.

“लिव की. पन मला वाचता येत नाय, आनि त्या गिऱ्हाइकांत तुजा ग्रुप कुठं हाय? दुकानात सांडलंस, दुकानातच भर.” एवढं बोलून तिनं जवळ्याचं माप भरलं. नेहमीसारखी शीग ठेवून.

अर्चनानं तरी आधी ग्रुपवर लिहून पाहिलंच. माझ्यासमोर बसून. ‘काही तांत्रिक कारणामुळे गैरसमज’ असं लिहिलं, खोडलं. ‘दोन्ही बाजूंनी’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी ‘चूक पूर्णपणे माझी’ एवढं टाकलं आणि फोन उशीखाली दडवला. मग उठली, मला त्याच कापडी पिशवीत घातलं.

दुकानात तीच वेळ, तशीच गर्दी. मेहुल पाठमोरा, कुणाच्या मोबाइलवर काच चिकटवत होता. तो वळला नाही. अर्चना पिशवीच्या बंदांना पीळ घालत म्हणाली, मेहुल, त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं. बाहेरून टेम्पो गेला. काउंटरला टेकलेला एक कामगार म्हणाला, “क्या बोली मॅडम?”

तिला दुसऱ्यांदा बोलावं लागलं. यात जुना माल नव्हता. मला चालवता येत नव्हता. मी या माणसाला चोर म्हटलं.

कामगार हसला, इतनी सी बात, म्हणाला. मेहुल हसला नाही. त्यानं काचेखालचा शेवटचा बुडबुडा बोटानं दाबून बाहेर काढला आणि मग वळला.

“परत बोला, ताई. तिकडं टोकाला उभी हायेत, त्यांना ऐकू नाय गेलं.”

अर्चनानं दाराकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता निघून जाणार. पण ती टोकाला उभ्या माणसांकडे वळली आणि तिसऱ्यांदा बोलली, अख्खं, पहिल्यापासून. या वेळी आवाज हलला नाही. घोडा दाखवण्यासाठी तिनं मला आणलं होतं, पण मला पिशवीतून कुणी काढलं नाही, आणि ते बरंच झालं. त्या क्षणी पळून दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मेहुलनं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. फक्त आतलं स्टूल पुढे सरकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती थोडा वेळ बसली, मला मांडीवर घेऊन.

आज मी पुन्हा टीव्हीखाली आहे. घोडा पळतो, पोळ्या करपतात. दुकान पहिल्यासारखं चालतं का, ते मला ठाऊक नाही. हिना आता त्याबद्दल बोलत नाही.

वाचकहो, तुम्ही माझ्यासारखा एखादा घरी आणलात तर एवढं ऐका. आमची ताकद खरी असते, पण आम्हाला आपली बाजू मांडता येत नाही. आम्ही अडखळलो तर आधी आम्हाला दोष द्या, आमच्या बनवणाऱ्यांना द्या, हवं तर उचलून माळ्यावर टाका. आम्हाला चालतं. आमच्यापायी कुणाचं भर दुकानात नाव घालवू नका. गेम सुधारणारं अपडेट कुठून तरी येतं, न मागता, झोपेतसुद्धा. घालवलेलं नाव तसं परत येत नाही. त्यासाठी माणसाला आपल्या पायांनी दुकानापर्यंत जावं लागतं, आणि टोकाच्या माणसाला ऐकू जाईपर्यंत बोलावं लागतं.