चढावरची पुराची रेघ

माझ्या तोंडाला कुलूप नाय, हे आख्ख्या महाडला ठाऊक हाय. पण भिंतीला खोटं बोलायला लावणारी मी एकटीच असंन.

शिमगा सरला, आंब्याला कैऱ्या धरल्या, आणि माझी नात अंकिता कॅमेरा घेऊन मुंबईवरनं आली. फोटोग्राफीच्या कॉलेजात तिला जागा पाहिजे व्हती. त्यासाठी एकाच गावातल्या बारा जुन्या घरांचे फोटो आणि प्रत्येकाखाली खरी माहिती पाठवायची. त्याच संध्याकाळी सहाच्या आत. एक जरी ओळ खोटी निघाली तर सगळंच बाद.

"आजी, तू नुसती वाट दाखव," ती म्हणाली. "गोष्टी सांगू नकोस."

मला म्हणजे मांजराला दुधाची राखण.

नदीकाठापासनं सुरुवात केली. पहिलं घर हलिमाचं, माझ्या मैत्रिणीचं. सागवानी खांब, माडीला नक्षीचा कठडा. आमच्याकडं पूर आला की पाणी जिथवर चढलं तिथं भिंतीवर रेघ ओढतात, खाली साल लिहितात. हलिमाच्या भिंतीवर एकवीस सालची निळी रेघ दाराच्याही वर हाय. येईल त्याला ती रेघ अशी दाखवते, जशी काय सुनेचे दागिने.

मग चढ चढत, दम खात अकरा घरं झाली. मी तोंड मिटून व्हते. एवढं तर मी माझ्या लग्नातबी गप्प नव्हते.

बारावं घर आमचं. चढाच्या टोकाला, कौलारू, सासऱ्यांनी बांधलेलं. ओट्याच्या भिंतीवर गुडघ्याएवढी गेरूची रेघ, खाली एकवीस साल. अंकिता खाली बसली, चार-पाच फोटो काढले.

"आजी, पाणी इथपर्यंत आलं होतं?"

इथं माझं तोंड सुटलं. "आलं म्हणजे? मगर आली ओट्यावर. मी तिला नाचणीची भाकरी घातली, तर दुसऱ्या दिवशी कालवण मागत आली."

अंकिताने मगर सोडली, पाणी लिहून घेतलं. पुरात ती मुंबईला व्हती, तिला काय ठाऊक.

साडेपाचला हलिमा धापा टाकत वर आली. कॅमेऱ्याचं झाकण अंकिता तिच्याकडं विसरलेली. पाणी पिता पिता तिने अंकिताला मोबाईलमधे लिहिलेलं वाचायला लावलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"सुंदरा गो, पाणी तुझ्या ओट्यावर आलं, तर मी आठ दिवस तुझ्या घरात झोपले ती काय माशांच्या शेजारी?"

अंकिताचं तोंड उतरलं. "आजी, खरं सांग. माझी जागा जाईल."

पोरीच्या डोळ्यात पाणी दिसलं तेव्हा मी ओट्यावर बसले.

"मीच ओढली ती. पूर गेल्यावर जो येई तो खाली जाई, रेघांचे फोटो काढी. पेपरात हलिमा आली. माझ्या घराकडं कोण बघना. पुरानंसुद्धा विचारलं नाय मला."

हलिमा इतकी हसली की तिची चप्पल चढावरनं खाली घरंगळत गेली.

"आता काय लिहू?" अंकिता म्हणाली. "दुसरं घर शोधायला वेळ नाही."

"हेच लिही की," मी म्हटलं. "आजी खोटारडी. आणि लिही, पुरात पन्नास माणसं राहिली इथं."

"एकोणीस," हलिमा म्हणाली. "आंघोळीचा नंबर मीच लावत होते."

अंकिताने लिहिलं: या घरात पाणी कधीच आलं नाही. रेघ आजीने नंतर स्वतः ओढली. पुरात खालची एकोणीस माणसं इथे आठ दिवस राहिली.

सहाला सात मिनिटं असताना ते गेलं.

महिन्याभराने फोन आला, जागा मिळाली. तिथल्या बाईंनी बारावा फोटो कॉलेजच्या भिंतीवर लावलाय म्हणे, खालच्या ओळींसकट. म्हणजे आता मुंबईतबी माझा खोटेपणा छापून टांगलाय.

मी सगळ्यांना सांगते, पोरीला जागा मिळाली ती माझ्या रेघेमुळे. हलिमा म्हणते, ती स्वतः झाकण घेऊन चढ चढून आली म्हणून. दोघी हटत नाय. अंकिताला विचारलं, तर तिने फोन ठेवला.