जाळीखालची जाळी

आमच्या गल्लीत पाणी तुंबलं की आधी शिवणवाल्या ताईंच्या उंबऱ्याशी येतं. उतारच तसा आहे. म्हणून त्यांच्या दारासमोरच पावसाळी गटाराचं नवं तोंड बांधलं: रुंद, चौकोनी, वर बिजागरीची लोखंडी जाळी. जाळीवरचा पाला झाडायची पाळी प्रत्येक घराला वाटून दिली होती. इमारतीचे अध्यक्ष पूर्वी शाळेत शिकवायचे, अजूनही सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. शाळा सुटली, छडी सुटली नाही. त्यांनी बजावलं होतं, "पाला काढायचा. जाळी उचलून आत हात घालायचा नाही. आतलं काम पालिकेचं."

मी माझी पाळी कधी चुकवली नाही. खरं तर दुसऱ्यांच्या पाळीलाही खिडकीतून बघायचे, नीट झाडतात की नाही. आमची खोली पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या तोंडावर. खिडकीशी चिमणीचं अंथरूण. चिमणी माझी दोन वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिला डासांचा ताप आला, आणि तेव्हापासून दिवे लागायच्या वेळेला त्या जाळीतून डासांचा थवा वर येताना मला दिसायचा. घरात आणखी कुणालाच तो दिसत नसे.

"तुला ओळखू येतात वाटतं," नवरा म्हणायचा, "हा गटारातला, हा बागेतला."

मला हसू आलं नाही.

चिमणीच्या पाळण्याची जुनी मच्छरदाणी कपाटात पडून होती. तिची दुहेरी घडी करून मी ताईंकडे नेली. म्हटलं, चारी बाजूंनी जाड पट्टी लावून द्या, ओढली तरी फाटणार नाही अशी.

"एवढी दणकट? मासे धरायचेत का गं, चिमणीच्या आई?"

"खिडकीला लावायचीय," मी म्हटलं. खोटं कसं पटकन सुचतं. खरं बोलले असते तर मास्तरांच्या कानावर गेलं असतं.

ताईंनी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची पट्टी लावली, कोपरे दोनदोनदा शिवले आणि घडी चिमणीच्याच हातात दिली. पैसे घेतले नाहीत. "लेकराच्या खिडकीला कसले पैसे घ्यायचे?"

पुढच्या पाळीला दुपारी गल्ली निजलेली असताना मी लोखंडी जाळी उचलली, चौकटीवर मच्छरदाणी ताणून पसरली आणि वरून जाळी मिटली. पट्टी कडेत घट्ट दबली. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. वाटलं, डासही अडतील आणि बारीक कचराही. एका दगडात दोन पक्षी. चाळणीवर गाळ साचतो, हे रोज चहा गाळणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

मधल्या काळात इमारतीची बैठक झाली. जुन्या गटारात कापडाच्या चिंध्या सापडायच्या म्हणून मास्तर ताईंवर आधीपासूनच खार खाऊन होते. खोली सोसायटीची, ताई भाडेकरू. मास्तरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "बाई, नव्या गटारात एक जरी चिंधी निघाली तरी खोली रिकामी करावी लागेल. हे शेवटचं." ताई म्हणाल्या, "मी चिंध्या पोत्यात भरते, मास्तर. येऊन बघा." बघायला कुणी गेलं नाही. मी कोपऱ्यात चिमणीला मांडीवर घेऊन बसले होते. पोतं मी रोज खिडकीतून बघत होते. तरी बोलले नाही. बैठकीत बायकांनी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही अशातला भाग नाही, मी त्याआधी डासांवर चांगली लांबलचक बोलले होते.

मग तो पाऊस आला. भर दुपारी अंधारून आलं आणि गल्लीचा ओढा झाला. मी खिडकीत होते. जाळीवर एक पान नव्हतं, तरी पाणी तिच्यावर नुसतं गोल फिरत होतं, जागा न मिळालेल्या माणसासारखं. आत जात नव्हतं.

काय अडलंय ते कळायला मला क्षणही लागला नाही.

पाणी ताईंच्या पायरीवर चढलं. त्या सुपलीने बाहेर लोटत होत्या. मग सुपली टाकून कपड्यांचे गठ्ठे टेबलावर चढवू लागल्या. शाळा उघडायच्या तोंडावरचे गणवेश, अख्ख्या हंगामाचं काम. शेजारची दोन माणसं काठीने जाळी खरवडत होती. "वर तर काहीच नाही रे! मग अडलंय कुठे?"

मी खाली जाऊन सांगायला हवं होतं, की जाळी उचला, खाली अजून एक आहे. दोन मिनिटांचं काम. पण चिमणी झोपली होती. एकटीला कशी सोडू, म्हणून मी तिच्या उशाशी बसले आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिले. तिला थोपटायची काही गरज नव्हती. गडगडाटातही ती गाढ झोपली होती. खालून शिवणयंत्र ओढल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड पडल्याचा. मी थोपटतच राहिले.

सकाळी पालिकेचा माणूस आला. सगळी इमारत खाली जमली. गल्लीभर चिखल, आणि ताईंच्या दारात दोरीवर निळे सदरे, अर्ध्यापर्यंत मातीचे. शिवणयंत्र आडवं पडलेलं. ताई त्याच्या पायदानातून गाळ काढत होत्या. नवरा चिमणीला कडेवर घेऊन माझ्या शेजारी उभा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.

पालिकेच्या माणसाने पहार जाळीत घातली. ती अडली. त्याने जाळी उचलली, वाकला, आणि दोन्ही हातांनी एक चिखलाचं कातडं ओढून काढलं. वर अडलेलं पाणी घळघळत खाली गेलं. इतका साधा आवाज.

"अरे, ही तर मच्छरदाणी," तो म्हणाला. "पट्टी लावून शिवलेली. कुणाची हौस ही?"

मास्तर पुढे झाले. पट्टीवरचा चिखल त्यांनी चपलेच्या टोकाने पुसला. निळं कापड दिसलं. वर दोरीवरही तेच निळं.

"घ्या!" मास्तर म्हणाले. "चिंधी म्हटलं होतं, ह्यांनी गालिचा घातला. बाई, ही शिलाई कुणाची?"

ताई उठून आल्या. एक कोपरा हातात घेतला, दुहेरी शिवलेला, अंगठ्याने घासला. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"शिलाई माझी आहे," त्या म्हणाल्या.

एवढंच. जेवढं खरं होतं तेवढं बोलून त्या थांबल्या आणि उरलेलं माझ्यासाठी ठेवलं.

"झालं! कबूल केलं," कुणीतरी म्हणालं. "स्वतःच्याच दारात पाणी घेतलं, कमाल आहे."

"खोली महिनाअखेरीला रिकामी," मास्तर म्हणाले.

मी बोलले तेव्हा आवाज माझा वाटला नाही. "मी घातली ती. ताईंना मी खिडकीसाठी म्हणून सांगितलं होतं. डास वर येऊ नयेत म्हणून." आणि मग, न विचारताच, "चिमणीसाठी केलं."

ते शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं. कारण त्या वाक्याने सगळ्यांचे चेहरे सैल पडले. मला वाटलं होतं ओरडतील. मास्तर हसले.

"अहो वहिनी! आधी सांगायचं नाही का! आईचं काळीज, दुसरं काय. शिकलेल्या पोरी जास्तच काळजी करतात."

"होतं असं," शेजारीण म्हणाली. "आमची सून तर नळालाही फडकं बांधते."

लोक हसले. पालिकेच्या माणसानेही हसून मच्छरदाणी गाडीत टाकली. घडीभरापूर्वी ज्या गोष्टीपायी एका बाईचं घर जाणार होतं, तीच गोष्ट माझ्या पदरात पडल्यावर गंमत झाली. मी ताईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. ऐकत होत्या.

"मास्तर, ताईंना जे लावलं तेच मला लावा," मी म्हटलं.

"काहीतरीच काय, वहिनी. तुमची खोली मालकीची." हे ते अगदी सहज म्हणाले.

"मग ताईंच्या खोलीचं?" मी विचारलं.

"बरं, राहू दे ते. बघू." आणि ते निघून गेले. ताईंची माफी मागावी असं त्यांना वाटलंही नाही. मला वाटत होतं, पण मीही तिथे मागितली नाही.

नवरा हळूच म्हणाला, "काल तू घरीच होतीस ना? बघितलं नाहीस?"

मी दोरीवरचा एक सदरा काढून पिळायला लागले. त्याने चिमणीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही.

दिवसभर मी ताईंचे सदरे वर नेऊन धुतले. बाहेरच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, त्या पुरेनात तेव्हा चिमणीच्या अंथरुणावरही बांधल्या. वारा लागावा म्हणून खिडकी सताड उघडी ठेवली. ताई गठ्ठे द्यायला जिन्यापर्यंत येत, आत येत नसत. "बाह्या उलट्या करून वाळव," एवढंच बोलत. मी "हो ताई" म्हणे. पाण्यात पडलेल्या यंत्राचं काय करायचं हे विचारलं तर म्हणाल्या, "बघते मी." मी माफी मागितली, तीही जिन्यात, हातात ओले सदरे घेऊन. त्यांनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

शेवटचा गठ्ठा देताना त्या मात्र थांबल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली.

"खिडकीचं माप घेऊन ये."

"कशाला, ताई?"

"जाळी लागेल ना. खिडकीलाच लावायची होती म्हणालीस."

त्या खाली उतरल्या. दिवे लागायची वेळ झाली होती. ओल्या निळ्या सदऱ्यांखाली चिमणी खेळत होती आणि उघड्या खिडकीतून डास आत येत होते. मी चौकटीला टेप लावली. रुंदी घेतली, उंची घेतली. आकडे तोंडात घोळवत जिन्याच्या वरच्या पायरीशी उभी राहिले, आणि ते खाली जाऊन सांगायचा धीर होईना.