वाजणारा पाय

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, की चित्राचीही नव्हे. माझ्यातून माणूस गेला आणि त्याच्याजवळ धातू असला, की मी वाजते. संशय घेणे हाच माझा जन्मापासूनचा धंदा.

ज्या कारागिराने माझ्या दोन्ही खांबांत तारांची वेटोळी बसवली, तो खिशात किल्ली घालून माझ्यातून आरपार गेला आणि मी पहिल्यांदा वाजले. तो खूश झाला. मला मात्र तेव्हापासून कुणाच्याच खिशाचा भरवसा वाटेनासा झाला.

तिथून मी आले ती पितळी नळ बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर. नळांचे सुटे भाग मुठीत मावत आणि बाहेर चटकन विकले जात. म्हणून सुट्टी झाली की कामगार रांगेने माझ्यातून बाहेर पडत. पट्ट्याचे बक्कल, डब्यातला चमचा, केसांतली पिन, मी कशालाच सोडत नसे. शेजारी टेबल टाकून एक बाई बसत. त्यांना सगळे ताई म्हणत. मी वाजले, की ताई पिशवी टेबलावर रिकामी करायला लावत. त्यांची नजर माझ्याहून तिखट होती.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. कारखान्याच्या मालकीणबाई पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. साहेब लोक मात्र माझ्यातून कधी जात नसत. शेजारी एक छोटे दार होते, ते त्यांच्यासाठी. त्या दाराकडे मी नेहमी तिरप्या नजरेने पाहत असे.

एकदा पॉलिशच्या खात्यात अपघात झाला. तिथे मोठ्या चाकावरून एक पट्टा पाळी बदलली तरी सतत फिरत असे. त्यावर जाळी हवी होती, ती नव्हती. दुरुस्तीला गेलेल्या फिटरकाकांची पँट त्यात अडकली आणि त्यांचा पाय मोडला. चौकशीसाठी एक सरकारी अधिकारी आले. मालाचे कोठार आणि खरेदी ज्यांच्याकडे होती, त्या स्टोअरच्या साहेबांनी त्यांना फाटकावरूनच आपल्या गाडीत बसवून जेवायला नेले. ते अधिकारी नंतरही आत काही आले नाहीत. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला, असा निकाल मात्र आला. जाळी आता बसवून घेतली आहे, असेही स्टोअरच्या साहेबांनी मालकीणबाईंना सांगून टाकले.

फिटरकाका पायात सळई घालून कामावर परतले. पहिल्याच संध्याकाळी मी वाजले. ताईंनी पिशवी रिकामी करायला लावली. काही निघेना. तेव्हा काकांनी मान खाली घालून पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि टाक्यांचा लांबलचक व्रण दाखवला. मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसले. पुढे हे रोजचेच झाले. लोक त्यांना ‘घंटी’ म्हणू लागले. काका रांगेत अगदी शेवटी उभे राहू लागले, म्हणजे बघायला कुणी उरू नये. मी तरी काय करणार? मला सळई कळते. ती पायात कशी आली, ते कळत नाही.

अशातच स्टोअरमधले पितळ कमी भरू लागले. कारखान्याची हवाच बदलली. जेवताना माणसे एकमेकांच्या डब्यांत डोकावू लागली. बरोबर घरी जाणारे दोन मित्र वेगवेगळे बाहेर पडू लागले. स्टोअरच्या साहेबांनी मालकीणबाईंच्या मनात भरवून दिले, की जो रोज वाजतो त्याच्याकडेच बघा. सळईच्या नावाखाली आणखी काय काय बाहेर जाते, कोण जाणे. मालकीणबाईंना ते पटले. काकांना कामावरून काढायचे जवळजवळ ठरले. फक्त ताईंची साक्ष हवी होती.

दुपारी फाटकावर शुकशुकाट असताना स्टोअरचे साहेब ताईंच्या टेबलाशी आले. त्यांनी आधी ताईंच्या भाचीची विचारपूस केली. ऑफिसात एक जागा रिकामी आहे, तिला लावून घेऊ, असे म्हणाले. मग त्यांनी आवाज उतरवला.

“तुम्ही एवढंच सांगायचं, सळईमुळे वाजतंय म्हणून तुम्ही त्याची पिशवी बघणं सोडून दिलं होतं. तुमच्यावर काही येणार नाही. बाकी मी बघतो.”

विचार करून सांगते, असे ताई म्हणाल्या. भाची त्यांच्याकडेच राहत होती आणि अर्ज करून करून कंटाळली होती. त्या दुपारी ताईंचे कशात मन लागेना. त्या उगाच टेबल पुसत राहिल्या. पण एक गोष्ट त्यांनाही खटकत होती आणि मलाही. पितळ कंपनीचे, मग घाई या माणसाला एवढी का?

सुट्टीच्या वेळी मालकीणबाई स्वतः फाटकावर आल्या. काकांना बाजूला उभे केले होते. ताई उठल्या, त्यांनी छोट्या दाराला कडी घातली आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“बाई, काकांची पिशवी मी रोज बघितलीये. एकदाही सोडली नाही,” त्या म्हणाल्या. “आज आपण सगळेच इथून जाऊ या. आधी मी जाते, मग तुम्ही.”

ताई माझ्यातून गेल्या. मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण त्याही आल्या. किल्ल्यांच्या जुडग्यामुळे मी वाजले. त्यांनी निमूटपणे पर्स टेबलावर उपडी केली. मग पाळी आली स्टोअरच्या साहेबांची. त्यांना एकाएकी आठवले, की आपण आत काहीतरी विसरलो.

“जाऊन या की,” मालकीणबाई म्हणाल्या. “पिशवी तेवढी इथं ठेवून जा.”

पिशवी ठेवताच टेबल दणकले. साहेबांसाठी मला वाजावेच लागले नाही. डब्याखाली पितळ गच्च भरले होते.

साहेबांना पोलिसांच्या हवाली केल्यावर मालकीणबाईंनी रांगेसमोर काकांची माफी मागितली. काकांनी आपल्या पायाकडे बोट दाखवले.

“माझा पाय रोज तपासलात,” ते म्हणाले. “तो पट्टा कधी तपासलात का?”

त्यावर तर केव्हाच जाळी बसली, असे मालकीणबाई म्हणाल्या. काका वळले आणि लंगडत आत निघाले. त्यांच्यामागून मालकीणबाई गेल्या, ताई गेल्या, सगळी रांग गेली. जाळी आल्याचे त्या खात्याबाहेरच्या सर्वांनी ऐकले होते. पाहिली कुणीच नव्हती. फाटकावर मी एकटी उरले. आत काय झाले ते मला दिसले नाही. पण थोड्या वेळाने पट्ट्याची घरघर थांबली. इतक्या वर्षांत ती कुणी मुद्दाम थांबवल्याचे मी प्रथमच ऐकत होते. जाळी बसेपर्यंत ती पुन्हा सुरू झाली नाही.

ताईंच्या भाचीला ती नोकरी मिळाली नाही. पुढे दुसरीकडे, बऱ्याच उशिरा मिळाली. माझ्या जागी आता नवी चौकट आली आहे. मी गोदामामागे उन्हापावसात उभी असते आणि माझ्या खांबांना गंज चढला आहे.

मित्रांनो, माझा गंज कुणी पुसला नाही तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, कुणी कारखाने चालवाल, कुणी त्यांत काम कराल. संशय जरूर घ्या, त्यावाचून चालत नाही. पण माणसाकडे रोखून बघता तसे उघड्या तारेकडे, निसरड्या पायरीकडे, जाळी नसलेल्या चाकाकडेही बघा. त्यांना कुणी कधी रांगेत उभे करत नाही. तेवढे तुम्ही करा.