प्रतिपदेचा फोन

"मुलाखतीचा दिवस कळवायच्या आधी पंचांग बघ गं सूनबाई," मामंजी म्हणाले होते. "प्रतिपदेला विश्वेशकडून काही म्हणवून घेऊ नका."

मी हसले. "जर्मनीत कसली प्रतिपदा, मामंजी?"

विश्वेश म्हणजे माझा नवरा. काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या घरातला. प्रतिपदेला, अष्टमीला या घरात अनध्याय. त्या दिवशी वेद म्हणायचा नाही, शिकवायचा नाही. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांना वेदपठणावर पीएच.डी. करायला माणूस हवा होता. विश्वेश संस्कृतात एम.ए. होता; इंग्रजीतला अर्ज मी लिहिला. शिष्यवृत्ती होती, बायकोमुलांसकट राहायची सोय होती. आमची रुचा तान्ही, छाती कायम भरलेली. भिंतीतली ओल तिच्या अंथरुणापर्यंत यायची. मला तिला तिथून काढायचं होतं, बस.

मुलाखतीसाठी त्यांनी दोन दिवस सुचवले. मी अलीकडचा कळवला.

त्या दिवशी विश्वेश गंगेवरून आला आणि धोतर पिळता पिळता म्हणाला, "आज प्रतिपदा आहे, देवश्री."

"प्रश्नच विचारतील हो. म्हणायला कशाला लावतील?"

फोन समोरच्या बाळूच्या पीसीओवर येणार होता. बाळू आमच्यातलाच, पण बोलायचा हिंदी. "भौजी, लंदन से फोन आया तो मिठाई पक्की."

"जर्मनी, बाळू."

"एके बात है."

विश्वेश काचेच्या खोपटात, मी बाहेर रुचाला घेऊन. सुरुवातीला तो छान बोलत होता. मग त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि दार ढकललं.

"म्हणून दाखवा म्हणतायत. उद्या म्हणतो, असं सांगू?"

रुचा खोकायला लागली. मी तिला त्याच्याकडे तोंड करून खांद्यावर घेतलं.

त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं. झोपेतून उठवलं तरी न चुकणारा माणूस दुसऱ्या ऋचेत अडला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, पुन्हा तिथेच. बाळूने रेडिओ बंद केला. विश्वेशने हळूच आभार मानले आणि फोन ठेवला.

नकार आला तो फार सभ्य होता. मामंजी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर विश्वेश कधीच वेद म्हणाला नाही. शिकायला येणाऱ्या मुलांना परत पाठवायचा. "स्वर गेला," एवढंच. पौषात मामंजी गेले. रुचाला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथले डॉक्टर म्हणाले, त्या घरात ही पोर जगायची नाही. मी तिला घेऊन इंदूरला माहेरी आले. इथे शाळेत शिकवते. रुचाचा खोकला थांबलाय. विश्वेशला चला म्हटलं, तर म्हणाला, "दिवा कोण लावणार?"

बाळूला अधूनमधून फोन करते. आधी सांगायचा, भैया घाट पर बैठे हैं. परवा म्हणाला, "इधर दिखे नहीं, भौजी." दार वाजवून बघ म्हटलं तर दुसरंच बोलायला लागला. दार उघडलंच नाही तर, याला तो घाबरतो. रुचाला पुन्हा त्या ओलीत नेता येत नाही, आणि एवढ्याशा पोरीला सोडून मला निघता येत नाही.

तुमच्याकडचं कुणी ना कुणी काशीला जातच असतं. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत बाळूचा पीसीओ कुणीही दाखवेल. त्याच्या समोरचं दार वाजवा. लगेच उघडणार नाही, थोडं थांबा. त्याला काही म्हणायला सांगू नका. जेवलात का, एवढं विचारा, आणि मला कळवा.